मेथाडोन : रोजचा डोस म्हणजे व्यसन नव्हे

(कुरुंदवाड येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न दिले आहेत.)



बाहेरच्या फळ्यावर 'मेथाडोन' हा शब्द वाचून दारातच आम्हाला एकानं विचारलं, "एमडीवर बोलणार काय आज?" हा गैरसमज स्वाभाविक आहे, म्हणून सुरुवात त्यापासूनच करू. एमडी म्हणजे मेफेड्रोन. २०२४ साली आपल्या शेजारच्या कुपवाडमध्ये पोलिसांनी ज्याचा मोठा साठा पकडला, ते हे. मेफेड्रोन हे उत्तेजक आहे. माणसाला जागं ठेवतं, भडकवतं. आज ज्याबद्दल बोलायचं आहे ते मेथाडोन. नावं कानाला सारखी लागतात, पण वस्तू पूर्णपणे वेगळी. मेथाडोन हे औषध आहे आणि ते एकाच प्रकारच्या व्यसनावर चालतं. एमडीवर चालत नाही, गांजावर नाही, दारूवर नाही. चालतं ते अफूच्या घराण्यातल्या पदार्थांच्या व्यसनावर.

अफूचं घराणं

या घराण्यात कोण कोण येतं? थोरली अफू. अफूतून निघतं मॉर्फीन आणि कोडीन. मॉर्फीनवर प्रक्रिया करून होतं हेरॉईन, आणि त्याचाच भेसळीचा, स्वस्त अवतार म्हणजे ब्राऊन शुगर, मराठीत ज्याला आपण 'गर्द' म्हणतो. शिवाय कारखान्यात तयार होणारी ट्रॅमाडॉल, फेंटानिल यांसारखी वेदनाशामकं. या सगळ्यांना मिळून 'ओपिऑइड' असं नाव आहे.

हे आपल्याकडचं नव्हे, असं समजू नका. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या आया कामावर जाताना तान्ह्या बाळाला अफूची 'बाळगोळी' देऊन झोपवत. त्या वाईट आया नव्हत्या, बाळाला सांभाळायला कुणी नव्हतं. १९८०च्या दशकात गर्दची लाट आली. अनिल अवचटांनी त्यावर 'गर्द' हे पुस्तक लिहिलं, आणि १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीनं 'मुक्तांगण' सुरू केलं. महाराष्ट्रात 'व्यसनमुक्ती केंद्र' म्हटलं की आजही अनेकांच्या डोळ्यापुढं तेच येतं.

आता आकडा बघा. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयानं दिल्लीच्या 'एम्स'कडून देशभर पाहणी करून घेतली. तिचा अहवाल २०१९ साली आला. त्यानुसार देशात सुमारे २ टक्के लोक, म्हणजे सव्वादोन कोटींच्या आसपास, या घराण्यातलं काही ना काही घेतात. त्यात हेरॉईनवाले सर्वांत जास्त, पण दुसऱ्या क्रमांकावर औषधाच्या गोळ्या आणि सिरप आहेत. म्हणजे वाट अड्ड्यावरूनच जाते असं नाही. कंबरदुखीच्या कॅप्सूलपासून, खोकल्याच्या बाटलीपासूनही जाते. म्हणून तर एप्रिल २०१८ मध्ये ट्रॅमाडॉलला अमली पदार्थांच्या कायद्याखाली, म्हणजे एनडीपीएस कायद्याखाली आणलं.

पाण्याची पातळी

आपण कृष्णा-पंचगंगेच्या काठची माणसं. पाणी चढणं आणि उतरणं म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको. हेरॉईनचं शरीरात अगदी तसंच होतं. घेतलं की पातळी एकदम चढते. त्या वेळी नशा असते, गुंगी असते. काही तासांत पातळी उतरते आणि उतरली की जे सुरू होतं त्याला व्यसनी मंडळी 'टर्की' म्हणतात. नाक-डोळे वाहतात, जांभया येतात, अंगावर काटा उभा राहतो, पोटात मुरडा, जुलाब, हाडं फोडल्यासारखी दुखतात, झोप नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास सर्वांत जास्त, आणि एकूण आठवडा-दहा दिवस.

काही महिने घेतल्यावर माणूस मजेसाठी घेतच नाही. टर्की टाळण्यासाठी घेतो. दिवसातून तीन-चार वेळा पातळी उतरते, म्हणजे तीन-चार वेळा पैसे शोधायचे, माल शोधायचा. नोकरी कशी टिकणार? त्याचा सगळा दिवस पुराच्या खुणेकडं बघण्यात जातो.

मग घरचे म्हणतात, "दहा दिवस कोंडून ठेवू, टर्की काढू, सुटेल." टर्की निघते, हे खरं. पण अडचण पुढं आहे. टर्की संपली म्हणजे मेंदू पूर्ववत झाला असं नाही. झोप न लागणं, उदास वाटणं, आणि आतून येणारी ओढ, ज्याला आम्ही 'तलफ' म्हणतो, हे महिनोन् महिने राहतं. त्यामुळं नुसती टर्की काढून घरी पाठवलेल्यांपैकी बहुतेक जण पुन्हा घेतात. त्यात इच्छाशक्तीचा दोष कमी आणि आजाराचा जास्त.

आणि इथंच जीव जातो. हे नीट ऐका. समजा, एक मुलगा आहे. रोज चार पुड्या घेत होता. महिनाभर केंद्रात राहिला, स्वच्छ झाला, वजन वाढलं, घरी आला. आईनं गोडधोड केलं. पंधरा दिवसांनी जुना मित्र भेटला. या मुलानं आठवणीनं पूर्वीइतकाच माल घेतला. पण महिनाभरात शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. पूर्वी जो डोस पचत होता, तोच आता श्वास थांबवतो. उपचाराहून किंवा तुरुंगातून बाहेर आल्यानंतरचे पहिले काही आठवडे म्हणूनच सर्वांत धोक्याचे.

न्यूयॉर्क, १९६४

यावर तोडगा निघाला तो न्यूयॉर्कमध्ये. मेथाडोन हे औषध जर्मनीत १९३०च्या दशकाच्या अखेरीस तयार झालं होतं, वेदनाशामक म्हणून. १९६४ साली रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. व्हिन्सेंट डोल, डॉ. मारी निस्वांडर आणि तरुण डॉक्टर मेरी जीन क्रीक यांनी हेरॉईनच्या जुन्या रुग्णांवर काम सुरू केलं. डोल हे चयापचयाचे अभ्यासक. त्यांनी प्रश्नच वेगळा विचारला. हा माणूस वाईट का, हे त्यांनी विचारलंच नाही. याच्या शरीरात काय बिघडलंय, हे विचारलं.

आधी त्यांनी मॉर्फीन देऊन पाहिलं. जमेना. दिवसातून अनेकदा द्यावं लागे, डोस वाढत जाई आणि रुग्ण पेंगत बसत, पुढच्या इंजेक्शनची वाट बघत. मग मेथाडोन दिलं. दिवसातून एकदा, तोंडानं. आणि चित्र पालटलं. तीच माणसं शिक्षणाबद्दल, कामाबद्दल बोलू लागली. १९६५ साली त्यांनी २२ रुग्णांचा अनुभव अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापला. पुढं हाँगकाँगनं १९७२ पासून आणि चीननं २००४ पासून हा उपचार सुरू केला. २००५ साली जागतिक आरोग्य संघटनेनं मेथाडोनला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं.

औषध नेमकं काय करतं

मेथाडोन हेसुद्धा अफूच्या घराण्यातलंच. ते लपवायचं कारण नाही. मेंदूतल्या ज्या जागांवर हेरॉईन बसतं, त्याच जागांवर हे बसतं. फरक वेगाचा आहे. ते पोटातून हळूहळू चढतं आणि फार हळू उतरतं. एक डोस साधारण चोवीस तास पुरतो. पुराचं पाणी आणि कालव्याचं पाणी यांत जो फरक, तो इथं आहे. पाणी तेच, पण पातळी एकसारखी. पातळी चढत नाही म्हणून नशा नाही, उतरत नाही म्हणून टर्की नाही. आणि जागा आधीच भरलेल्या असल्यानं वरून हेरॉईन घेतलं तरी त्याची मजा फारशी येत नाही.

पद्धत अशी. रुग्ण केंद्रात येतो, कर्मचाऱ्यासमोर पातळ औषध पितो, दोन शब्द बोलतो आणि कामावर जातो. पहिल्या दिवशी डोस कमी, बहुधा २० ते ३० मिलिग्रॅम. मग सावकाश वाढवत नेतात. बऱ्याच जणांचा डोस ६० ते १२० मिलिग्रॅमच्या दरम्यान स्थिरावतो. इथं एक चूक वारंवार होते. नातेवाईकांना वाटतं, डोस जितका कमी तितकं चांगलं. उलट आहे. डोस अपुरा पडला तर संध्याकाळी तलफ येते आणि माणूस पुडीकडं वळतो.

फायदा किती? २०१७ साली 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात वेगवेगळ्या देशांतल्या १९ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. त्यात मेथाडोन घेणारे १ लाख २२ हजारांहून जास्त लोक होते. उपचार चालू असताना दर हजार माणसांमागे वर्षाला सुमारे ११ मृत्यू झाले. उपचाराबाहेर असताना सुमारे ३६. आता उपचार सोडणारे मुळातच जास्त अडचणीत असू शकतात, त्यामुळं सगळा फरक औषधाचाच असं आम्ही म्हणणार नाही. पण तिपटीचा फरक इतक्या देशांत दिसतो, तेव्हा तो झटकून टाकता येत नाही. दुसरं, जे सुईनं नशा करतात त्यांच्यात एचआयव्हीची लागण होण्याचा धोका या उपचारामुळं जवळपास निम्म्यावर येतो. कारण साधं आहे, सुईच लागत नाही.

धोके लपवायचे नाहीत

मेथाडोन हे साधं औषध नाही. ते शरीरात साठत जातं, म्हणून पहिले दोन आठवडे डॉक्टर फार जपून चालतात. घाई करून डोस वाढवला तर झोपेत श्वास मंदावू शकतो. सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेतल्या तर धोका कितीतरी वाढतो. आपल्या भागात नायट्राझेपामच्या गोळ्यांची नशा करणारे आहेत, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यांनी ती गोष्ट डॉक्टरांपासून लपवली तर ते जिवावर बेतू शकतं.

काही जणांत हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर परिणाम होतो, त्यासाठी गरजेप्रमाणे ईसीजी काढतात. बद्धकोष्ठता आणि घाम येणं हे त्रास नेहमीचे. आणि मोठ्या माणसाचा नेहमीचा डोस लहान मुलानं चुकून प्यायला तर मूल दगावू शकतं. घरी डोस दिलाच, तर तो कुलपातच ठेवायचा.

आणखी एक गोष्ट आपल्या देशात फार महत्त्वाची. क्षयरोगावरच्या रिफॅम्पिसिन या गोळीमुळं मेथाडोन शरीरातून लवकर निघून जातं. एचआयव्हीच्या काही गोळ्यांचंही तसंच. रुग्ण म्हणतो, "डोस पुरत नाही," आणि सगळ्यांना वाटतं नाटक करतोय. तो खरं बोलत असतो. टीबीची गोळी बंद करायची नाही, मेथाडोनचा डोस वाढवून घ्यायचा.

आपल्याकडं काय आहे

भारतात या प्रकारच्या उपचाराची सुरुवात मेथाडोननं झाली नाही, ब्युप्रेनॉर्फीननं झाली. ही जिभेखाली ठेवायची गोळी. तीही अफूच्या घराण्यातली, पण तिचा परिणाम एका मर्यादेपुढं वाढत नाही, म्हणून श्वास थांबण्याचा धोका कमी. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात, म्हणजे २००७ नंतर, सुईनं नशा करणाऱ्यांसाठी सरकारनं हा उपचार स्वीकारला. मेथाडोन आलं ते २०१२ च्या सुमारास, एम्सच्या देखरेखीखाली मोजक्या केंद्रांवर, चाचणी म्हणून. मुंबईचं केईएम रुग्णालय त्यातलं एक. पुढं २०१४ साली एनडीपीएस कायद्यात दुरुस्ती झाली आणि मेथाडोनला अत्यावश्यक अमली औषधांत स्थान मिळालं. तरी आजही ते औषधाच्या दुकानात मिळत नाही. ठरलेल्या केंद्रांवरच मिळतं. आपल्यासारख्या गावातल्या माणसासाठी व्यवहारात ब्युप्रेनॉर्फीन हाच जवळचा पर्याय ठरतो.

'एक सोडून दुसरं लावलं'

आता मुद्द्याचा प्रश्न. नातेवाईक आम्हाला सर्वांत आधी हाच विचारतात. "म्हणजे एक व्यसन सोडवून दुसरं लावलं, एवढंच ना?"

शरीराला मेथाडोनची सवय लागते का? लागते. अचानक बंद केलं तर टर्की येते का? येते, आणि जास्त दिवस चालते. हे नाकारणारा तुम्हाला फसवतो. पण शरीराची सवय आणि व्यसन या दोन गोष्टी आहेत. व्यसन म्हणजे नुकसान दिसत असूनही हात आवरत नाही. घरातलं भांडं विकलं जातं, पोराची फी जाते, खोटं बोललं जातं. जो माणूस सकाळी डोस घेऊन आठ तास यंत्रमागावर उभा राहतो, पगार घरी आणतो, पोराला शाळेत सोडतो, त्याच्या आयुष्यात यातलं काय उरलं? उरला तो एक डोस. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या काकांना आपण व्यसनी म्हणत नाही.

आणि हा शब्दांचा वाद नाही. सासू म्हणते, "अजून औषधावरच आहे, सुधारला कुठं?" भाऊ म्हणतो, "मर्द असशील तर सोडून दाखव." तो इरेला पेटून एका दिवसात डोस बंद करतो. मघाशी सांगितलेला ३६ चा आकडा आठवा. टोमण्यानं डोस सुटतो आणि डोस सुटला की माणूस जातो. हे सांगण्यासाठीच आम्ही आज इथं आलो.

याचा अर्थ निवासी केंद्रं आणि पूर्ण मुक्तीची वाट चुकीची, असा नाही. त्या वाटेनं कितीतरी माणसं उभी राहिली आहेत. दोन्ही वाटा हव्यात. कुणाला कुठली, हे माणूस आणि डॉक्टर मिळून ठरवतील.

श्रोत्यांचे प्रश्न

*हे किती दिवस घ्यायचं? आयुष्यभर?*

तारीख ठरवून सुरू करायचं नसतं. बऱ्याच जणांना काही वर्षं लागतात, काहींना त्याहून जास्त. घर, काम, मन स्थिर झालं आणि रुग्णाला स्वतःला वाटलं, तर डोस हळूहळू, महिनोन् महिने घेऊन उतरवतात. तलफ परत आली तर पुन्हा वाढवायचा. त्यात हार नाही.

*आमच्याकडं पूर येतो. २०१९ ला आठवडाभर रस्ते बंद होते. रोज केंद्रात जाणारा माणूस काय करणार?*

फार योग्य प्रश्न. २०२० च्या टाळेबंदीत सरकारनं ब्युप्रेनॉर्फीनचे काही दिवसांचे डोस घरी द्यायला परवानगी दिली होती. म्हणजे अडचण आली की मार्ग निघतो. पावसाळ्याआधीच केंद्राशी बोलून ठेवा. स्थलांतर कुठं होणार, तिथून जवळचं केंद्र कुठलं, हे कागदावर लिहून ठेवा. आणि मेथाडोनचा डोस सलग तीन दिवस किंवा जास्त चुकला, तर चौथ्या दिवशी जुना पूर्ण डोस घ्यायचा नाही. डॉक्टर कमी करून पुन्हा चढवतील.

*(एक महिला) मुलगा औषध घ्यायला तयारच नाही. जेवणातून, त्याला न सांगता देता येईल का?*

नाही, ताई. अजिबात नाही. तुमची तळमळ कळते. पण त्यानं त्या दिवशी बाहेर काय घेतलंय हे तुम्हाला माहीत नसतं. वरून हे पोटात गेलं तर श्वास थांबू शकतो. शिवाय एकदा विश्वास गेला की पुढं खऱ्या उपचारालाही तो यायचा नाही. तो तयार नसला तर आधी तुम्ही एकट्या समुपदेशकाकडं जा. घरच्यांनी एकट्यानं गेलं तरी चालतं.

*गरोदर बाई हे घेत असेल तर?*

बंद करू नये. अचानक टर्की आली तर ती गर्भाला धोक्याची. बाळाला जन्मानंतर काही दिवस त्रास होऊ शकतो, त्यावर उपचार आहेत. प्रसूती मात्र रुग्णालयातच, आणि डॉक्टरांना आधी सांगून.

*पोलीस पकडतील म्हणून पोरं पुढं येत नाहीत.*

एनडीपीएस कायद्यात कलम ६४-अ आहे. थोड्या मालाच्या किंवा सेवनाच्या प्रकरणात सापडलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला तयार झाली आणि तो पूर्ण केला, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. हे वकिलाला विचारा, पण भीतीनं घरी बसू नका.

*सुरुवात कुठून करायची?*

फोनपासून. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय क्रमांक आणि १४४१६ हा 'टेलि-मानस'चा. दोन्हीकडं पैसे लागत नाहीत. नाहीतर कोल्हापूरला सीपीआर किंवा मिरजेचं शासकीय रुग्णालय, तिथल्या मानसोपचार विभागात जा आणि स्पष्ट विचारा, "ओपिऑइडच्या व्यसनावर ब्युप्रेनॉर्फीन किंवा मेथाडोन देणारं जवळचं केंद्र कुठलं?" प्रश्न असा नेमका विचारला की उत्तरही नेमकं मिळतं.

जाता जाता एवढंच. तुमच्या घरात, शेजारी कुणाचा हा डोस चालू असेल, तर त्याला "अजून किती दिवस?" असं विचारू नका. "डोस घेतलास का? जेवलास का?" एवढं विचारा.